वीस वर्षे सेवा झाली म्हणजे शिक्षक तज्ज्ञ झाला का?

‘गुरुजींची वीस वर्षे सेवा झाली, म्हणजे ते तज्ज्ञच,’ असे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सर्रास ऐकू येते. हा समज बरोबर नाही; अनुभव हवाच, पण त्याचे कौशल्यात रूपांतर आपोआप होत नाही. विषयाच्या ज्ञानाखेरीज तो विषय शिकताना मूल कुठे आणि का अडते याचेही एक वेगळे ज्ञान शिक्षकाकडे लागते, असे अमेरिकी अभ्यासक ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले.

आपल्याकडचेच पाहा. मराठी ‘बावन्न’मध्ये दोन आधी ऐकू येतात, कन्नड ‘ऐवत्तेरडु’मध्ये पन्नास आधी, त्यामुळे दोन्ही भाषा कानावर पडणारे मूल बावन्नसाठी २५ लिहिते, तेव्हा नुसती फुली न मारता जो शिक्षक दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवतो, त्याला चुकीचे मूळ कळलेले असते.

जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे पाहत नोंदी घेतात. मुरलेले शिक्षकही तिथे आपला तास असा खुला करतात, हे मला फार मोलाचे वाटते.