दोन ९९३ सीसी : झेनचे चार सिलिंडरचे इंजिन आणि जिओ मेट्रोचे तीन सिलिंडरचे इंजिन

सातारा आणि कराड परिसरात नव्वदच्या दशकातल्या मारुती झेन अजूनही रोजच्या वापरात दिसतात. अशा गाडीच्या मालकाने इंजिनाची माहिती इंटरनेटवर शोधायला घेतली, की एक घोटाळा हमखास होतो. ‘सुझुकी जी-टेन, ९९३ सीसी’ असे लिहून शोधल्यावर जे समोर येते, त्यातला मोठा भाग झेनच्या इंजिनाचा नसतोच. तो उत्तर अमेरिकेत जिओ मेट्रो या नावाने विकल्या गेलेल्या छोट्या गाडीच्या इंजिनाचा असतो. दोन्ही इंजिने सुझुकीची, दोन्ही जी मालिकेतली, दोन्हींचा ब्लॉक आणि हेड (सिलिंडरवरचे झाकण) ॲल्युमिनियमचे, दोन्हींत व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारा टायमिंग बेल्ट, आणि घनफळही दोन्हींचे ९९३ सीसी. एवढे साम्य पाहिल्यावर एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरला पाहिजे, कारण ही दोन इंजिने आतून पूर्णपणे वेगळी आहेत.

फरक कळायला बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन एका दमात सरकतो ते अंतर) हे दोन आकडे पुरतात. जिओ मेट्रोच्या जी-टेनमध्ये तीन सिलिंडर असून बोअर ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७७ मिलिमीटर आहे. १९९३ मध्ये आलेल्या झेनच्या जी-टेन-बीमध्ये चार सिलिंडर असून बोअर ७२ आणि स्ट्रोक केवळ ६१ मिलिमीटर आहे. दोन्हींचा हिशेब ९९३ सीसीवर येऊन थांबतो हा केवळ योगायोग होय. एका सिलिंडरच्या वाट्याला मेट्रोत सुमारे ३३१ सीसी येतात, तर झेनमध्ये २४८. म्हणजे पिस्टन वेगळा, रिंगा वेगळ्या, क्रँकशाफ्ट वेगळा, हेड गॅस्केट वेगळे. मेट्रोत प्लग पेटण्याचा क्रम १-३-२, तर झेनमध्ये १-३-४-२.

एका इंजिनाचा स्ट्रोक बोअरपेक्षा जास्त आणि दुसऱ्याचा बराच कमी, या एका गोष्टीतून दोन्हींचा स्वभाव ठरतो. मेट्रोचे इंजिन मिनिटाला ५७०० फेऱ्यांना ५५ हॉर्सपॉवर देते आणि सुमारे ७९ न्यूटन मीटर इतका त्याचा सर्वाधिक टॉर्क (ओढण्याचा जोर) ३३०० फेऱ्यांनाच मिळतो. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) झेनची शक्ती ६५०० फेऱ्यांना ५० हॉर्सपॉवर आहे आणि ७१ न्यूटन मीटरच्या आसपास असलेला टॉर्क गाठायला तिला ४५०० फेऱ्यांपर्यंत जावे लागते. वरवर पाहता जास्त फेऱ्यांवर पळणारे झेनचे इंजिन लवकर झिजायला हवे असे वाटते, पण हिशेब करून पाहिला तर उलटे चित्र दिसते. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकची दुप्पट गुणिले फेऱ्या. मेट्रोचा पिस्टन ५७०० फेऱ्यांना सेकंदाला साधारण १४.६ मीटर वेगाने धावतो, तर झेनचा पिस्टन ६५०० फेऱ्यांना देखील १३.२ मीटरच्या पुढे जात नाही. झेनचे इंजिन जास्त फेऱ्यांवर चालवले तरी कुरकुर न करता फिरते, त्यामागे हे कारण आहे. ‘जास्त रेस केली की इंजिन खराब होते’ हा समज या इंजिनाच्या बाबतीत तरी मनातून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो, तिथे हा फरक चालकाच्या पायाला कळतो. चार माणसे आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतले आणि फेऱ्या अडीच हजारांच्या खाली आल्या, की झेन दमल्यासारखी वाटते. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी पिकअप येत नाही, उलट इंजिन ठोके देऊ लागते. तिथे दुसरा गिअर टाकून इंजिन मोकळेपणाने फिरू द्यावे, हाच उपाय. अशा वेळी वरच्या गिअरमध्येच रेटत राहिल्याने पेट्रोल वाचत नाही आणि बेअरिंगवर ताण मात्र येतो. मेट्रोचे इंजिन अशा जागी कमी फेऱ्यांवर जास्त समाधानाने ओढते, पण त्याचे तीन सिलिंडर दर २४० अंशांनी पेटत असल्याने आणि क्रँकच्या दोन टोकांना झुलवणारा जोर शिल्लक राहत असल्याने आयडलिंगला गाडी थरथरते. झेनमध्ये दर १८० अंशांनी एक सिलिंडर पेटतो. शिवाय आखूड स्ट्रोकमुळे चार सिलिंडरच्या इंजिनात मुळातच असणारी उभी थरथरही कमी राहते.

इंधनाच्या बाबतीत मात्र मेट्रो सरस ठरते, आणि ते मान्य करायला हवे. मोठे आणि संख्येने कमी सिलिंडर असल्यामुळे उष्णता भिंतींतून कमी वाया जाते, घर्षणही कमी होते. मेट्रोची एक्सएफआय ही खास काटकसरीची आवृत्ती ४९ हॉर्सपॉवरची होती आणि तिला अमेरिकी सरकारी चाचणीत शहरात ५३ व महामार्गावर ५८ मैल प्रति गॅलन असे आकडे मिळाले होते. म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला अंदाजे साडेबावीस आणि साडेचोवीस किलोमीटर. हे आकडे वाचून ‘माझी झेन एवढे ॲव्हरेज का देत नाही’ अशी तक्रार गॅरेजमध्ये घेऊन जाणे चुकीचे आहे. त्या गाडीचे इंजिन, गिअरचे प्रमाण आणि इंधन देण्याची पद्धत, तिन्ही वेगळी होती.

इंधन देण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सांगायला हवे. १९८९ पासूनच्या मेट्रोत थ्रॉटलच्या तोंडाशी एकच इंजेक्टर आहे आणि हवेच्या दाबानुसार पेट्रोल कमी-जास्त करणारा संगणक आहे. सुरुवातीच्या झेनमध्ये कार्ब्युरेटर आहे आणि त्याला उंची कळत नाही. साताऱ्याहून महाबळेश्वरला चढताना हवा साधारण सहा टक्क्यांनी विरळ होते. त्यामुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण थोडे दाट होते आणि आयडलिंग जड वाटू लागते. हा बिघाड नव्हे. महाबळेश्वरला गाडी उभी करून मिश्रणाचा स्क्रू फिरवणाऱ्यांची गाडी साताऱ्यात परत आल्यावर झटके देते.

आता टिकाऊपणाकडे वळू, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. जिओ मेट्रोच्या तीन सिलिंडर इंजिनाबद्दल एक तक्रार सर्वश्रुत आहे : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणे. त्याचे कारण असे, की त्या इंजिनात जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत पाठवून ज्वलनाचे तापमान कमी ठेवणारी ईजीआर ही व्यवस्था आहे. तिचे मार्ग काजळीने बुजले की ज्वलन तापते; दुसरीकडे पिस्टनवरच्या ऑइल रिंगा चिकटून इंजिन ऑइल खाऊ लागते, त्या ऑइलची काजळी व्हॉल्व्हच्या बैठकीवर साचते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि त्याची कड जळते. तिथले जाणकार म्हणूनच ईजीआरचे मार्ग साफ करण्याचा सल्ला देतात. त्या इंजिनाचे टॅपेट (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने आपोआप जुळणारे, असल्यामुळे त्यांची गॅप हाताने लावण्याचा प्रश्नच येत नाही.

कार्ब्युरेटरच्या झेनमध्येही व्हॉल्व्ह जळू शकतो, पण तिथे जास्त लक्ष द्यावे लागते टॅपेटकडे, कारण तिचे टॅपेट स्क्रू आणि नटाने लावायचे असतात. वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जातो आणि त्याचे टोक टॅपेटकडे सरकते, तशी टॅपेटची गॅप कमी होत जाते. गॅप संपली की व्हॉल्व्ह बंद असतानाही किंचित उघडा राहतो, आणि बैठकीला टेकून थंड होण्याची त्याची संधीच हिरावली जाते. यात फसवी गोष्ट अशी, की गॅप कमी होत असताना इंजिन अधिक शांत होत जाते. मालकाला वाटते, टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे सारे छान आहे. खरे तर सैल टॅपेट आवाज करून सावध तरी करतो. घट्ट टॅपेट काही न सांगता व्हॉल्व्ह जाळतो. एलपीजीचे किट बसवलेल्या झेनमध्ये बैठकीची झीज आणखी वेगाने होते, त्यामुळे अशा गाडीत इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेजने गॅप तपासणे कधीही टाळू नये. फिलर गेजची (गॅप मोजायच्या पातळ पात्यांची) पट्टी रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये सरकवताना तिला हलकीशी ओढ जाणवली पाहिजे. पट्टी अडली तर गॅप कमी आहे आणि सहज घसरली तर जास्त.

टायमिंग बेल्टच्या बाबतीतही सावध राहावे. मेट्रोच्या तीन सिलिंडर इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, हे खरे आहे. ते वाचून झेनच्या मालकाने निर्धास्त होऊ नये, कारण बोअर, स्ट्रोक आणि हेड ही तिन्ही इथे निराळी आहेत. बेल्ट पुस्तकात दिलेल्या अंतरापूर्वीच बदलावा. ॲल्युमिनियमच्या हेडमुळे येणारी कमजोरी मात्र दोन्हींत सारखीच : एकदा ओव्हरहीट झाले की हेड वाकते आणि गॅस्केट जाते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी भरण्याची सवय आहे. त्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात आणि पुढच्याच उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर जातो. शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरावे.

झेनमध्येही पोटभेद आहेत. पुढे आलेले एमपीएफआयचे (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेले) इंजिन त्याच ९९३ सीसीचे, पण सोळा व्हॉल्व्हचे आणि ६० हॉर्सपॉवरचे आहे. त्याचे हेड जुन्या गाडीला चालत नाही. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यामुळे मुंबईत नोंदलेली १९९६ ची झेन आणि साताऱ्यात नोंदलेली (एमएच-११) त्याच वर्षाची झेन यांच्या सायलेन्सरमध्ये फरक असू शकतो. मारुती १००० चे ९७० सीसीचे आणि अलीकडच्या के-टेनचे ९९८ सीसीचे इंजिन यांचा या दोहोंशी संबंध नाही. लोक सगळ्यांनाच ‘हजार सीसी’ म्हणतात एवढेच.

भाग मागवताना म्हणून बॉनेट उघडून आधी प्लगच्या वायरी मोजाव्यात आणि दुकानदाराला गाडीचे नाव, वर्ष, व्हॉल्व्हची संख्या आणि बोअर सांगावा. नुसते ‘जी-टेन’ म्हणू नये. जुनी झेन विकत घेत असाल तर इंजिन गरम करून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. अशा वेळी इंजिन थंड झाल्यावर टॅपेटची गॅप आधी मोजून पाहावी आणि हेड उतरवण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.