उपासना-नवीकरण, ख्रिस्ती

ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) परंपरागत उपासना आजच्या श्रद्धावंतांना कळावी आणि तीत त्यांना मनापासून भाग घेता यावा, यासाठी झालेली तिची फेरमांडणी. नाव नवीकरणाचे असले, तरी या चळवळीची ओढ प्राचीनाकडे आहे. विधींवर साचलेले थर बाजूला करायचे, आरंभीच्या शतकांतली मंडळी कशी प्रार्थना करीत होती ते शोधायचे आणि ते आजच्या भाषेत आणायचे, हा तिचा मार्ग.

पुनरुत्थानाच्या जागरणाचे, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेचे, उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. हा मुळात रात्रीचा विधी. अंधारात नवा अग्नी पेटवायचा, त्यावर मोठी मेणबत्ती लावायची आणि 'हीच ती रात्र' असे पुनःपुन्हा म्हणणारे स्तवन गायचे. पण पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत तो सरकत सरकत शनिवारच्या सकाळी येऊन बसला, आणि रात्रीचे हे स्तवन कित्येक शतके भर उजेडात, बहुधा रिकाम्या मंदिरात गायले गेले. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी तो प्रायोगिक स्वरूपात पुन्हा रात्री करू दिला. 1955 च्या सुधारणेने तो कायम झाला. विधीला त्याची वेळ परत मिळाली आणि शब्दांना अर्थ. नवीकरण म्हणजे काय, हे याहून नेमके सांगणे कठीण.

चळवळीची सुरुवात मठांतून झाली. फ्रान्समधील सोलेम येथे प्रॉस्पर गेरांजे यांनी 1833 मध्ये बेनेडिक्टीन (संत बेनेडिक्ट यांच्या नियमाने चालणारे) मठजीवन पुन्हा सुरू केले. ग्रेगोरियन गायनाचे, म्हणजे ख्रिस्तसभेच्या जुन्या एकसुरी लॅटिन गायनाचे, पुनरुज्जीवन तेथूनच झाले. लॅम्बर्ट बोद्वँ या बेल्जियन संन्याशाने 1909 मध्ये उपासना ही साऱ्या लोकांची आहे असा आग्रह धरला. त्या काळी वेदीपाशी लॅटिनमध्ये मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची मुख्य कॅथलिक उपासना) चाले आणि भाविक मागे बसून आपापली जपमाळ ओढत.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) हा आग्रह स्वीकारला. उपासनेविषयीचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 रोजी 2147 विरुद्ध 4 मतांनी संमत झाला. लॅटिन काढून टाका, असे त्यात कुठेही नाही. लोकभाषांना वाव दिला आहे, इतकेच. प्रत्यक्षात लोकभाषा झपाट्याने आल्या, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, बायबलवाचनाचा तीन वर्षांचा क्रम ठरला. हा वाचनक्रम थोड्याफार फरकाने अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही घेतला. परिषदेचे हे फळ सर्वांत मोलाचे मानावे लागेल, कारण एरवी वेगळ्या असलेल्या मंडळ्या आज पुष्कळ रविवारी एकच शुभवर्तमान ऐकतात.

प्रॉटेस्टंट परंपरेत नव्या समुदायांनी वाट दाखवली. स्कॉटलंडच्या आयोना बेटावर जॉर्ज मॅक्लाउड यांनी 1938 पासून बेरोजगार कारागीर आणि होतकरू पाळक यांना एकत्र आणून पडका मठ उभारायला घेतला. प्रार्थना आणि अंगमेहनत तिथे वेगळी नव्हती. फ्रान्समधील तेझे येथे ब्रदर रॉजर 1940 मध्ये आले. तिथे जमणाऱ्या अनेकभाषी तरुणांसाठी एक-दोन ओळींची, पुनःपुन्हा गाता येणारी स्तोत्रे रचली गेली. मधली दीर्घ शांतता हाही त्या उपासनेचाच भाग.

हे सारे सुरळीत झाले नाही. परिषदेनंतरच्या घाईत अनेक ठिकाणी जुन्या वेद्या आणि गायनपरंपरा गेल्या, आणि ती हानी खरी आहे. जुन्या लॅटिन मिस्साला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 मध्ये मोकळीक दिली. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये ती पुन्हा आवळली.