जास्त वेढे म्हणजे पक्की गाठ?

मासेमारीच्या दोरीला गळ बांधायला शिकणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: "अजून चार वेढे मार, सुटायची नाही." हा सल्ला सरसकट खरा नाही.

युनी नॉट ही गाठच घ्या. गळ, फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), दोरीला दोरी, सगळीकडे चालते. नवख्याने आधी हीच शिकावी असं माझं मत. दोरीचं टोक गळाच्या नेढ्यातून (भोकातून) ओवून मागे आणायचं, मूळ दोरीला समांतर धरायचं, टोकाचा फास करायचा आणि त्यातून दोन्ही पदरांभोवती वेढे घ्यायचे. मध्यम जाडीच्या तंगुसाला (नायलॉनची एकसंध दोरी) 5-6 वेढे पुरतात. जाड तंगुसाला 3-4च. त्याहून जास्त घेतले की वेढे एकमेकांवर चढतात, गाठ नीट बसत नाही आणि ताण आला की तिथेच दगा देते. ब्रेडेड (धागे विणून केलेली) दोरी मात्र निसरडी, तिला 7-8 लागतात. तोच आकडा लोक सगळीकडे लावतात.

खरा घात होतो कोरड्या गाठीने. आवळताना घर्षणाने नायलॉन तापतं, कमजोर होतं. म्हणून गाठ आधी पाण्याने (थुंकीही चालते) ओली करा, टोक ओढून वेढे जुळवा, मग मूळ दोरी सावकाश ओढत गाठ नेढ्याशी सरकवा. झटका नको. उरलेलं टोक अगदी मुळाशी कापू नका, 2-3 मिलिमीटर राहू द्या.