झावळ्यांचा रविवार: हातातल्या झावळीविषयी थोडं

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की, झावळ्यांच्या रविवारच्या (म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) झावळ्या विकताना, दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "अहो, ही नारळाची ना? बायबलात खजुरीची आहे. ही चालेल का?" त्या गर्दीत एका हातात सुतळी, दुसऱ्यात सुट्टे पैसे, उत्तर धड देता येत नाही. म्हणून हे पत्रक. झावळीच्या जुडीबरोबर मिळेल, त्याचे पैसे नाहीत.

उत्तर असं की चालते. का चालते, ते पुढे.

योहानाची खजूर, आपला माड

प्रभू येशू शिंगरावर बसून यरुशलेमेत आला ही हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे. पण खजुरीच्या झावळ्यांचं नाव घेतो एकटा योहान (१२:१३). मत्तय झाडांच्या डहाळ्या म्हणतो, मार्क शेतांतून तोडून आणलेल्या डहाळ्या म्हणतो, आणि लूकच्या वर्णनात फांदीच नाही, वाटेवर अंथरलेले कपडे तेवढे आहेत. सणाला नाव मिळालं ते योहानाच्या एका शब्दावरून.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई यरुशलेमेला गेली होती. तिने या दिवसाची मिरवणूक लिहून ठेवली आहे: लोक जैतुनांच्या डोंगरावरून खाली उतरतात, तान्ही मुलं आईबापांच्या कडेवर, कुणाच्या हातात खजुरीची फांदी तर कुणाच्या हातात ऑलिव्हची. म्हणजे खुद्द यरुशलेमेतही एकाच झाडाचा हट्ट नव्हता. पुढे सण जिथे गेला तिथलं झाड त्याने घेतलं. रशियात आणि पोलंडमध्ये विलोच्या मऊ लवदार कळ्यांच्या काड्या नेतात, इटलीत ऑलिव्ह. केरळात नारळाचं कोवळं फिकट पान असतं, त्याला कुरुत्तोला म्हणतात. आमची वाशी-नेरुळकडची मल्याळी गिऱ्हाइकं तेच मागतात. त्यातलीच पात राखून पवित्र गुरुवारी घरच्या पेसहा अप्पमवर (त्या दिवसाच्या बिनखमिराच्या भाकरीवर) तिचा क्रूस ठेवतात.

तरीही कुणाला खजुरीच्याच जातीची हवी असेल, तर आपल्याकडची शिंदी ही खजुरीची सख्खी बहीण. आधी सांगितलंत तर आणून देऊ. मात्र तिच्या देठाकडच्या पाती म्हणजे सुयाच असतात. लहान मुलांच्या हातात देऊ नका.

लोकांनी झावळीच का उचलली?

वाळवंटात लांबून खजूर दिसली की तिथे पाणी आहे हे कळतं. मिसरातून निघालेले इस्राएल लोक एलीमला पोचले तेव्हा तिथे १२ झरे आणि ७० खजुरी होत्या. यरीहोला तर खजुरींचं नगरच म्हणत. दबोरा न्यायनिवाडा करायची ती खजुरीखाली बसून, आणि शलमोनाच्या मंदिराच्या भिंतींवर करूबांच्या (पंख असलेल्या देवदूतांच्या) जोडीला खजुरी कोरलेल्या होत्या. मंडपांच्या सणाला (यहुद्यांच्या हंगामाच्या सणाला) झावळ्या घेऊन सात दिवस आनंद करा, असं बायबलातल्या लेवीय पुस्तकात (२३:४०) सांगितलंच आहे.

पण येशूपुढे ज्या झावळ्या हलल्या त्यांत सणाच्या आनंदाहून जास्त काहीतरी होतं. इसवीसनापूर्वी १४१ मध्ये यहुद्यांचा पुढारी शिमोन मक्काबी याने यरुशलेमेचा बालेकिल्ला परक्यांच्या हातून सोडवला, तेव्हा लोक झावळ्या घेऊनच आत शिरले होते. तेव्हापासून झावळी म्हणजे जवळजवळ झेंडाच. रोमनांनाही ते पक्कं ठाऊक होतं. इसवीसन ७० मध्ये यरुशलेम पाडल्यावर त्यांनी विजयाची नाणी पाडली, त्यांवर खजुरीचं झाड आहे आणि त्याच्याखाली खाली मान घालून बसलेली बाई.

अशा वेळी झावळ्या घेऊन रस्त्यावर आलेली माणसं राजा मागत होती, तलवारीचा राजा. समोरून आलं गाढव. जखऱ्या संदेष्ट्याने आधीच लिहून ठेवलेलं लीन राजाचं वाहन ते. 'होसान्ना' हा शब्दही आपण आता 'जय हो'सारखा म्हणतो, पण तो स्तोत्र ११८ मधला, आणि मुळात तो आर्जव आहे: आम्हाला तार. म्हणूनच त्या रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) आधी मिरवणूक आणि मागोमाग येशूच्या दुःखसहनाचा आणि मरणाचा सबंध वृत्तांत येतो. वृत्तांत वाचला जातो तेव्हा झावळी हातातच असते. आमच्या घरी आजी त्या वेळी ती खाली झुकवून धरायची. असा काही नियम नाही, तिची पद्धत.

झावळी आणि ठाणं

रोमनांकडे शर्यत जिंकणाऱ्याला झावळी मिळे. ख्रिस्ती लोकांनी ती खूण उचलली आणि जे मारले गेले त्यांच्या हाती दिली. प्रकटीकरणात (७:९) सिंहासनापुढे पांढऱ्या झग्यांतला अगणित समुदाय उभा आहे, हातात झावळ्या. चर्चमधल्या एखाद्या संताच्या चित्रात हातात झावळी दिसली, तर समजा तो रक्तसाक्षी आहे, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेलेला.

याला ठाण्याबाहेर शोधायला जायला नको. १३२१ साली टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियाच्या तिफ्लिसचा देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू) ठाण्यात मारले गेले. तिघांचा दिवस ९ एप्रिल, गुरुवार. पीटर दोन दिवसांनी, शनिवारी. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार होता १२ एप्रिलला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. त्यांच्याबरोबर आलेल्या डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या संघातल्या, जॉर्डानुसने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन आला आणि अस्थी थेट चीनला घेऊन गेला. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चला सकाळच्या मिस्सेला जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल, कोण जाणे. आम्हालाही दुकान टाकल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

घरी नेल्यावर

झावळी ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. पंख्याखाली ठेवलीत तर रात्रीत कडक होते. क्रूस विणायचा असेल तर पात ओली असतानाच विणा, वाळलेली पात घडीवर तुटते.

आम्ही विकतो ती झावळी आशीर्वाद न झालेली असते. आशीर्वादित म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका, पवित्र वस्तूचा बाजार होत नाही. आशीर्वाद झाल्यावर मात्र ती कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. ओला कचरा, सुका कचरा, कशातच नाही. क्रूसामागे किंवा दाराशी लावा, आणि वर्षाने आपल्या चर्चमध्ये परत द्या. तिथे त्या जाळतात, आणि उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर लागते ती हीच राख. चर्चमध्ये देणं जमलं नाही तर घरी जाळून राख कुंडीतल्या मातीत मिसळली तरी चालते.

कोवळं पान मागणाऱ्यांना एक विनंती. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंड्यात. हावरेपणाने तिथे कोयता खोल गेला की झाड मेलं. म्हणून कोवळ्या पानांच्या ऑर्डरी आम्ही मोजक्याच घेतो, आणि त्याचा दर जास्त आहे तो याचमुळे. मोठ्या झावळ्या खालच्या फेरीतल्या असतात, त्यांनी झाडाचं काही बिघडत नाही.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, झावळ्यांचा रविवार २१ मार्चला. जुन्या झावळ्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुकानात आणून दिल्यात तर आम्ही त्या चर्चमध्ये पोचवू. नव्यांची ऑर्डर गुरुवार, १८ मार्चच्या संध्याकाळपर्यंत द्या. शुक्रवारी वाडीतून टेम्पो निघाला की मग वाढवता येत नाही.