सोलापूर म्हणजे सोळा गावं? नाही

काळ्या मातीच्या, ज्वारी-गव्हाच्या मुलखातल्या या गावाचं नाव सोळा गावं एकत्र आल्यामुळे पडलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. हे बरोबर नाही.

बाराव्या शतकात, कल्याणीच्या कलचुरी राजांच्या काळी, शिवयोगी सिद्धरामेश्वर इथेच होऊन गेले. त्या काळच्या शिलालेखांत गावाचं नाव ‘सोन्नलगे’ आहे. यादवांच्या काळापर्यंत ‘सोन्नलगी’ चाललं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके 1238 (इ.स. 1316) च्या संस्कृत लेखात ते ‘सोनलीपूर’ होतं. सोलापूरच्या किल्ल्यातला एक लेख ‘सोनलपूर’ म्हणतो, तिथल्याच विहिरीवरचा ‘संदलपूर’. पुढे झिजत झिजत सोलापूर, आणि इंग्रजांच्या तोंडी शोलापूर.

आता त्या सोळा गावांची जी यादी सांगितली जाते, तीच बघा. आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, मुहम्मदपूर ही नावं उघडच सुलतानी काळातली, म्हणजे सोन्नलगेनंतरची. शिवाय सोनलगी, संदलपूर आणि खुद्द सोलापूर हीसुद्धा त्याच यादीत! एकाच गावाची जुनी-नवी नावं वेगवेगळी गावं म्हणून मोजली गेली आहेत. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण ज्यांचा जयजयकार करतो, त्या सिद्धरामेश्वरांना कन्नडमध्ये आजही ‘सोन्नलिगेय सिद्धराम’ म्हणतात.