दहापैकी नऊ आणि आजचे बारा : सोलापूरच्या जिम्नॅस्टिक्स सरांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

मल्लखांबावरून पॅरलल बारवर (दोन समांतर दांड्यांवर) आलेले हे सर ऐंशीच्या दशकात आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले ते कोल्हापूरच्या विद्यापीठाकडून. तेव्हा सोलापूरची कॉलेजं तिकडेच जोडलेली. संघात यायचं तर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पोरांना मागे टाकावं लागे. पुढे ते कॉलेजात फिजिकल डायरेक्टर झाले. हुद्दा एक, कामं छप्पन : कबड्डीचा संघ, स्नेहसंमेलनाचा मांडव, प्रमाणपत्रांवरच्या सह्या, आणि यातून वेळ उरला तर जिम्नॅस्टिक्स.

सरांना दहापैकी नऊ, आजच्या पोरांना बारा, मग भारी कोण? त्यांच्या जुन्या गुणांवरून आणि संघातल्या स्थानावरून हल्ली ही जी चर्चा होते, तिचं मूळ 2004 च्या ऑगस्टमध्ये आहे. 1 ऑगस्टला सोलापूरला जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. त्याच महिन्यात अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत (सगळ्या साधनांवरच्या गुणांची बेरीज) घोळ झाला. दक्षिण कोरियाच्या खेळाडूचा पॅरलल बारवरचा संच, म्हणजे सलग केलेल्या कसरती, काठिण्य बघता 10.0 पासून खाली मोजायचा, तो पंचांनी 9.9 पासून मोजला. तो 57.774 गुणांवर तिसरा राहिला. अमेरिकन खेळाडूने 57.823 गुणांवर सुवर्ण नेलं. हुकलेला 0.1 मिळवला तर कोरियन पहिला येतो, हे पोरंसोरंही सांगतील. तीन पंच निलंबित झाले, निकाल मात्र बदलला नाही : हरकत वेळेत घेतली नव्हती. क्रीडा लवादानेही कोरियाचं अपील फेटाळलं. अमेरिकेचं म्हणणं असं की त्याच संचातली एक चूक पंचांच्या नजरेतून निसटली होती, ती धरली तर कोरियनचे गुण उलट घटतात. मुद्दा खरा असेल, पण सोयीचे तेवढेच तपासायचे हा कुठला न्याय? काही दिवसांनी हॉरिझाँटल बारच्या (एका आडव्या दांडीच्या) अंतिम फेरीत रशियन खेळाडूचे 9.725 गुण प्रेक्षकांच्या आरडाओरड्यानंतर 9.762 झाले, तेव्हा उरलीसुरली अब्रूही गेली.

या घोळानंतर गुण द्यायची पद्धतच बदलली आणि 2006 पासून दहाची मर्यादा गेली. काठिण्याचे गुण वेगळे, त्यांना वरची हद्द नाही. सादरीकरणाचे दहातून कापत जायचे. मग दोन्हींची बेरीज. अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज स्पर्धा मात्र अजून दहापैकीच चालतात.

त्यामुळे आजचा विद्यार्थी बारा गुण घेऊन येतो आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र बघून विचारतो, ‘‘सर, तुम्हाला नऊच?’’ साधनंही तीच राहिलेली नाहीत. 2001 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत व्हॉल्टच्या (धावत येऊन मारायच्या उडीच्या) घोड्याची जागा टेबलाने घेतली. जिमखान्यातला चामडी घोडा मात्र हलला नाही, आणि सरांची पोरं बरीच वर्षं घोड्यावर सराव करून टेबलावर उडी मारायला जात होती.

वेगळ्या विद्यापीठाने निवडीचा रस्ता जवळ आणला, चाचणीसाठी रात्रीची एसटी धरायची गरज उरली नाही. पण स्पर्धा एका जिल्ह्यापुरती झाली. म्हणून सरांच्या काळातलं संघातलं स्थान आणि आजचं स्थान एकाच मापाने मोजणं चूक आहे. यात जुन्यांचं पारडं थोडं जड आहे, असं आमचं मत.