मशीन परवडायला लागणं आणि नवीन टेक्नॉलॉजी येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

कुठल्या कारखान्यात माणसं कमी झाली आणि मशीन आलं की लगेच ‘टेक्नॉलॉजीने नोकऱ्या खाल्ल्या’ म्हणून सगळे मोकळे. ऑटोमेशन हा शब्द तर आता इतका सैल झालाय की त्यात काहीही बसतं. बाहेरून चित्र सेम दिसतं हे मान्य, पण आत दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात.

पहिली गोष्ट म्हणजे मशीन परवडायला लागणं. ती सगळ्यांनी बारावीत नाहीतर एफवायला केलेली असते, समउत्पादन वक्र (तेवढाच माल देणाऱ्या माणसं-मशीनच्या वेगवेगळ्या जोड्या दाखवणारी रेषा) वगैरे, त्यामुळे पटकन सांगतो. तेवढाच माल काढायच्या दोन पद्धती आहेत. पद्धत क ला 10 माणसं आणि 2 मशीन लागतात, पद्धत ख ला 4 माणसं आणि 5 मशीन. दोन्ही सगळ्यांना माहीत आहेत, यात कुठलाही शोध नाही. क वरून ख वर गेलं की 6 माणसांची मजुरी वाचते आणि 3 मशीनचा खर्च वाढतो, म्हणजे एका मशीनचा दिवसाचा खर्च दोन मजुऱ्यांपेक्षा कमी असेल तर ख, जास्त असेल तर क. संपलं. मजुरी वाढली काय किंवा मशीनसाठीचं कर्ज स्वस्त झालं काय, परिणाम एकच, कारण बघायचं असतं ते दोघांचं गुणोत्तर. मजुरी वाढवली म्हणून ओरडणारे लोक मशीनवरच्या सबसिडीबद्दल मात्र गप्प असतात, हे मला कायम खटकतं.

आता घोळ कुठे होतो ते बघू. समजा कोणीतरी पद्धत ग काढली, तिला 3 माणसं आणि 4 मशीन पुरतात. ख च्या तुलनेत दोन्ही गोष्टी कमी लागतात, म्हणजे मजुरी कितीही असो, ख वापरणाऱ्याने ग वर जायचंच, गुणोत्तर बघायची गरजच नाही. ही खरी नवीन टेक्नॉलॉजी. पण क वाल्याचं काय? त्याची 7 माणसं वाचतात आणि 2 मशीन वाढतात, म्हणजे मशीन साडेतीन मजुऱ्यांपेक्षा स्वस्त असेल तरच त्याला ग परवडणार. आधी ही रेषा दोनवर होती, आता साडेतीनवर गेली. जिथे मशीन चार मजुऱ्यांइतकं महाग पडतं तिथला मालक ग बद्दल सगळं माहीत असूनही क वरच राहणार आणि त्याचा हिशेब अगदी बरोबर असणार. त्याला ‘मागासलेला’ म्हणणारे लोक माझ्या डोक्यात जातात, कारण कमी माणसं म्हणजे जास्त प्रगत असं काही नसतं, ख मध्येही क पेक्षा माणसं कमीच होती की.

मी एक साधा प्रश्न विचारतो: उद्या मजुरी परत खाली आली तर नव्याने कारखाना टाकणारा माणूस जुन्या पद्धतीकडे वळेल का? वळणार असेल तर तो फक्त किमतीचा खेळ होता. कितीही स्वस्त मजूर मिळाले तरी वळणार नसेल तर टेक्नॉलॉजी बदलली. ‘नव्याने टाकणारा’ हे महत्त्वाचं आहे, त्यावर खाली येतो.

या दोन गोष्टी काळातही वेगवेगळ्या घडू शकतात. अमेरिकेत 1942 पासून मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणायची ब्रासेरो योजना होती, ती 1964 च्या शेवटी बंद झाली. कॅलिफोर्नियात कारखान्यात जाणारा टोमॅटो तोपर्यंत मुख्यतः हाताने तोडला जायचा, आणि दशक संपेपर्यंत जवळपास सगळा मशीनने निघायला लागला. लोक म्हणतात, बघा, मजूर गेले आणि शोध लागला. अहो, मशीन आधीच तयार होतं! कॅलिफोर्निया विद्यापीठात ते मशीन आणि त्याचे धक्के सहन करणारी, एकदम पिकणारी टोमॅटोची जात, दोन्हींवर कित्येक वर्षं काम झालेलं होतं. शोध आधी लागला, 1964 नंतर बदललं ते फक्त गणित. स्ट्रॉबेरी, शतावरीसारख्या पिकांना असं तयार मशीन नव्हतं, तिथे मजूर गेल्यावर कोणी रातोरात शोध लावला नाही, उत्पादनच कमी झालं.

मग मजुरी वाढल्याने शोध लागतातच नाहीत का? अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्सने 1932 साली मांडलं होतं की जो घटक महाग होतो तो वाचवण्याकडे शोधांचा कल जातो. सॉल्टर या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने 1960 मध्ये त्यावर नेमकं बोट ठेवलं: मालकाला एकूण खर्च कमी करायचाय, तो मजुरीतून वाचला काय आणि वीजबिलातून वाचला काय, त्याला फरक पडत नाही. मला सॉल्टरचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. मशीन बनवणारा बऱ्याचदा वेगळा असतो आणि त्याला गिऱ्हाईक दिसतं ते जिथे मजुरी महाग आहे तिथे, त्यामुळे संशोधनाचा पैसा तिकडे वळतो. पण त्याला वर्षं लागतात, पगारवाढीच्या दुसऱ्या महिन्यात आलेलं मशीन म्हणजे हा परिणाम नव्हे.



राहिला ‘नव्याने टाकणारा’. मशीन एकदा घेतलं की त्याचे पैसे गेलेले असतात, म्हणून आधीपासून कारखाना चालवणाऱ्याने जुन्या मशीनचा फक्त चालवायचा खर्च धरायचा आणि नव्याचा मात्र विकत घेण्यासकट पूर्ण. 1890 च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ्रॉप माग आला, धोट्यातली कांडी संपली की हा माग न थांबता स्वतःच नवी भरायचा, त्यामुळे एक विणकर कितीतरी जास्त माग सांभाळायचा. अमेरिकन गिरण्यांनी तो भराभर घेतला, इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणीवाले मात्र एका विणकराला चार साधे माग याच पद्धतीवर बराच काळ राहिले. तिथे मजुरी अमेरिकेपेक्षा कमी होती आणि पैसे कधीच वसूल झालेले धडधाकट माग शेडमध्ये उभे होते. मालक सुस्तावले होते की हिशेबी होते यावर आर्थिक इतिहासकारांचं भांडण झालेलं आहे, मी हिशेबवाल्यांच्या बाजूने आहे.